विजयदुर्गचा हेलियम आणि परग्रहाची हवा

विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि हेलियमचा शोध १८ ऑगस्ट १८६८च्या सूर्यग्रहणात इथेच लागला, असं छातीठोकपणे सांगतात. कोकणी माणसाचा विरस होईल, पण त्या ग्रहणाच्या दिवशी ओट्यांचे ‘साहेब’, म्हणजे इंग्रज खगोलज्ञ नॉर्मन लॉकयर, इंग्लंडमध्ये होते आणि या शोधात ज्यांचं नाव जोडतात ते फ्रेंच खगोलज्ञ ज्यूल जानसेन गुंटूरला. लॉकयर विजयदुर्गाला आले ते २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला. तोवर रसायनज्ञ रॅमसेंना हेलियम पृथ्वीवरच्या खनिजात सापडून तीन वर्षं झाली होती.

खरी गंमत ओट्यांत नाही, एका पिवळ्या रेषेत आहे. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात ती १८६८च्या ग्रहणात अनेकांना दिसली. बहुतेकांनी ती सोडियमची समजून सोडून दिली. लॉकयरनी ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवायच ती पकडली. सोडियमची जोडरेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला, ही ५८७.६ला. जेमतेम दीड नॅनोमीटरच्या फरकावर त्यांनी हेलियम हे नवं मूलद्रव्य मांडलं. रसायनवाल्यांनी नाकं मुरडली.

दूरचा वायू रेषेवरून ओळखायची हीच रीत आज परग्रहांच्या, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांच्या, हवेला लावतात. त्या हवेची कुळकथा सांगणारे बहुधा १८५९च्या हायडेलबर्गपासून, वर्णपटातल्या रेषांवरून मूलद्रव्यं ओळखणाऱ्या किर्चहॉफ आणि बन्सेनपासून सुरुवात करतात. त्यांनी सीझियम रेषांवरूनच ओळखलं, हे खरं; पण ते डुर्कहाइमच्या खनिजजलात होतं, हाताशी. जिथे हात पोचणार नाही तिथला अनोळखी वायू नुसत्या रेषेच्या भरवशावर खरा मानायचा, हे धाडस लॉकयरचं. मूळपुरुषाचा मान त्यांचाच.

पुढची वंशावळ थोडक्यात. ग्रह ताऱ्यासमोरून सरकताना थोडा प्रकाश त्याच्या हवेतून गाळून येतो. तिथला वायू आपापला रंग शोषतो आणि त्या रंगात ग्रह किंचित मोठा भासतो. सोडियम शोधा, हेलियम शोधा, असं खगोलज्ञ सेगर आणि सासेलोव्ह यांनी २०००मध्ये सुचवलं. २००२मध्ये हबल दुर्बिणीला एचडी २०९४५८ बी या ग्रहावर सोडियम मिळालं, तीच जुनी जोडरेषा. हेलियम मात्र २०१८पर्यंत रुसून बसला. जेसिका स्पेक यांच्या गटाला तो सुमारे दोनशे प्रकाशवर्षांवरच्या वॅस्प-१०७ बी वर सापडला, पण १०८३ नॅनोमीटरच्या अवरक्त रेषेत.

मग पिवळ्या रेषेशी नातं तुटलं? मुळीच नाही! पिवळा प्रकाश सोडून हेलियमचा अणू ज्या पायरीवर उतरतो, तिथून आणखी एक पायरी उतरताना तो १०८३चा प्रकाश सोडतो. ग्रहाच्या हवेत हाच जिना उलटा: तोच प्रकाश गिळून अणू वर चढतो.

वॅस्प-१०७ बी आकाराने जवळपास गुरूएवढा, वस्तुमान मात्र त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याचं. असल्या हलक्या ग्रहाला हवा धरवत नाही. ती अवकाशात निसटते आहे, हे हेलियमच्या याच रेषेवरून कळलं.