गिअरबॉक्समधील तांबडें तेल

थेरगांवांत डांगे चौकाच्या आसपास मोटारदुरुस्तीचीं लहानमोठीं दुकानें पुष्कळ आहेत. गेल्या उन्हाळ्यांत त्यांपैकीं एका दुकानांत माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आपली सेकंडहँड घेतलेली ऑटोमॅटिक मोटार घेऊन उभे होते. गाडी गिअर बदलतांना हिसका देऊं लागली होती. गॅरेजवाल्यानें त्यांच्यापुढें दोन डबे मांडले. एकांत साधें खनिज तेल. दुसऱ्यावर ठळक अक्षरांत ‘फुल्ली सिंथेटिक’ असें छापलेलें, आणि किंमत जवळजवळ दुप्पट. “साहेब, सिंथेटिकच घ्या,” तो म्हणाला, “महाग आहे, पण गिअरबॉक्सला अमृत आहे.” गृहस्थांनीं मला फोन केला. मीं त्यांना उलट विचारलें, “गाडीच्या पुस्तकांत कोणतें तेल लिहिलें आहे?” पुस्तक गाडीबरोबर आलेंच नव्हतें.

प्रश्न तसा दोन डब्यांचा. परंतु निवड चुकली तर दुरुस्तीचा आंकडा लाखाच्या घरांत जातो, आणि ज्यानें कर्ज काढून गाडी घेतली आहे त्याला तो परवडणारा नसतो. त्या तेलाला ऐंशी-पंचाऐंशी वर्षांचा इतिहास आहे. तो ठाऊक असला तर दुकानदाराचा ‘अमृत’ हा शब्द किती तोलून घ्यावा तें समजतें, म्हणून आज तोच सांगण्याचें योजिलें आहे.

हा मुलूखच आतां मोटारींचा झाला आहे. पूर्वी थेरगांव म्हटलें कीं पवनेचें पात्र आणि केजुबाईचें देऊळ डोळ्यांपुढें येई. आज त्याच्या एका अंगास पिंपरी, पलीकडे चाकण, आणि सकाळ-संध्याकाळ हिंजवडीकडे मुंगीच्या पावलांनीं सरकणारी गाड्यांची रांग. मर्सिडीज-बेंझ गाड्यांची जोडणी १९९५ सालीं पिंपरीस टेल्कोच्या आवारांत सुरू झाली व २००९ मध्यें ती चाकणला गेली. त्याच वर्षीं फोक्सवागेनचा कारखानाही चाकणला उघडला. महिंद्रांची चाकणला बनणारी एक्सयूव्ही ५०० ही गाडी २०१५ मध्यें जपानच्या आयसिन कंपनीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह मिळूं लागली, आणि पिंपरीस बनणाऱ्या टाटांच्या हॅरियरला २०२० मध्यें तशी सोय झाली. एके काळीं डाव्या पायाला क्लचपासून सुटका ही श्रीमंतांची चैन होती. ती मध्यमवर्गाच्या दारांत आली ती अशी, पंधरावीस वर्षांच्या आंत.

साध्या गाडीच्या गिअरबॉक्समधील तेलाचें काम एकच : दांते झिजूं द्यावयाचे नाहींत. ऑटोमॅटिक गाडीच्या तेलाला इतक्यावर भागत नाहीं. इंजिनाची शक्ति चाकांकडे जाते ती टॉर्क कन्व्हर्टरच्या पोटांत घुसळल्या जाणाऱ्या या तेलांतून. गिअर बदलतो तो याच तेलाच्या दाबानें. निर्माण झालेली उष्णता वाहून नेतें तेंही हेंच. आणि सर्वांत अवघड काम निराळेंच आहे. क्लचच्या चकत्या याच तेलांत बुडालेल्या असतात. दांत्यांवर या तेलानें निसटावें, पण चकत्यांना मात्र एकमेकींस घट्ट धरूं द्यावें, अशी त्याच्याकडून अपेक्षा असते. हातांना तेल चोपडून विहिरीचा पोहरा ओढावयास सांगावें आणि दोर निसटतां कामा नये अशी अट घालावी, तशांतलाच हा प्रकार. धरण्याची क्रिया फार झटकन झाली तर गाडी हिसका देते. फार सावकाश झाली तर चकत्या घासून करपतात. एवढा सूक्ष्म तोल तेलांत मिसळलेल्या थोड्याशा द्रव्यांवर अवलंबून असतो. डब्यावरील ‘सिंथेटिक’ हा शब्द त्या द्रव्यांविषयीं एक अक्षरही सांगत नाहीं, हें आरंभींच लक्षांत ठेवावें.

मोठ्या प्रमाणावर तयार झालेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे अमेरिकेंतील जनरल मोटर्सचा ‘हायड्रामॅटिक’. तो १९४० सालच्या ओल्डस्मोबिल गाडींत बसविला गेला. पाठोपाठ महायुद्ध आलें आणि तोच गिअरबॉक्स अमेरिकन सैन्याच्या हलक्या रणगाड्यांतही गेला. युद्धानंतर अशा गाड्या लाखांनीं खपूं लागल्या, तेव्हां प्रश्न उभा राहिला कीं खेड्यांतल्या पेट्रोलपंपावरील माणसानें त्यांत ओतावें तरी काय ? १९४९ सालीं जनरल मोटर्सनें ‘टाइप ए’ नांवाची एक शर्तींची यादी प्रसिद्ध केली. तेल कोणीही बनवावें. परंतु शिकागोच्या आर्मर संशोधनसंस्थेची कसोटी उतरल्यावांचून डब्यावर परवान्याचा क्रमांक छापतां येत नसे. माझ्या मतें या सबंध कहाणींतील खरी कल्पकता येथें आहे. ग्राहकानें तेल ओळखावयाचें तें बनविणाराच्या नांवावरून नव्हे, रंगावरूनही नव्हे, तर तें कोणत्या परीक्षेंत उत्तीर्ण झालें यावरून. तांबडा रंग घालण्यांतला हेतु इतकाच कीं गळती झाल्यास ती इंजिनाच्या तेलाची नाहीं हें चटकन कळावें. आज कांहीं जर्मन गिअरबॉक्सांचें तेल हिरवें, तर कांहींचें निळें असतें. तांबडेपणा हा गुणाचा पुरावा पूर्वीही नव्हता.

चकत्यांची पकड बेतण्यासाठीं त्या काळच्या तेलांत जें द्रव्य घालीत, तें ऐकून श्रोत्यांपैकीं अनेकांना नवल वाटेल. तें स्पर्म जातीच्या देवमाशाच्या मस्तकांतून व चरबींतून काढलेलें तेल होतें. रसायनशास्त्राच्या दृष्टीनें तें खरें तेल नव्हेच, द्रवरूप मेण आहे; उष्णता व दाब यांखालीं तें चटकन विटत नाहीं, आणि हाच गुण चकत्यांना हवा होता. म्हणजे १९६७ सालीं ‘डेक्स्रॉन’ हें नवें नांव आलें तेव्हांही डेट्रॉइटची गुळगुळीत चाल समुद्रांतल्या एका प्राण्याच्या जिवावर चालली होती. १९७० मध्यें अमेरिकन सरकारनें स्पर्म देवमाशाचा समावेश नष्टप्राय प्राण्यांच्या यादींत केला आणि हें तेल बाजारांतून उठलें. बदली द्रव्य घातलेलें ‘डेक्स्रॉन-२’ १९७३ मध्यें आलें. त्याच्या पहिल्या आवृत्तीनें तेल थंड करणाऱ्या नळ्यांच्या डागांनाच खाण्यास आरंभ केला आणि थोड्याच वर्षांत ती आवृत्ति सुधारावी लागली. वाळवंटांतील जोजोबा नांवाच्या झुडपाच्या बियांतून निघणारें मेणही त्या काळांत पुढें आलें. त्याची घडण देवमाशाच्या तेलाशीं फार जुळती आहे. एक घटक काढला तर दुसरीकडे काय बिघडेल याचा अंदाज तज्ज्ञांनाही आधीं आला नाहीं, ही गोष्ट दुकानांत उभ्या असलेल्या माणसानें विसरूं नये.

फोर्ड कंपनीची तऱ्हा तर याहून बोधप्रद. १९६० च्या दशकांत तिनें आपल्या गिअरबॉक्सांसाठीं ‘टाइप एफ’ हें तेल ठरविलें व त्यांत पकड मऊ करणारें द्रव्य मुळीं घातलेंच नाहीं. कंपनीला चकत्यांची पकड घट्ट व तात्काळ हवी होती. जनरल मोटर्सला ती मऊ हवी होती. दोन्हीं तेलें उत्तम, दोन्हीं तांबडीं, आणि एकाच्या जागीं दुसरें घातलें तर दोहोंपैकीं एक गिअरबॉक्स हिसके देणार, दुसरा घसरणार. येथें ‘चांगलें तेल कोणतें ?’ हा प्रश्नच निरर्थक ठरतो.

आतां सिंथेटिककडे वळूं. जमिनींतून निघालेलें कच्चें तेल शुद्ध करून मिळतें तें खनिज तेल. त्यांत लहानमोठे, नाना आकारांचे रेणू मिसळलेले असतात. याउलट इथिलीनसारख्या वायूचे लहान रेणू जोडून हवा तसा एकसारखा रेणू रचला, तर तें खऱ्या अर्थानें कृत्रिम तेल. तें थंडींत फार घट्ट होत नाहीं, उष्णतेंत फार पातळ होत नाहीं व लवकर जळत नाहीं. पुढें अशी युक्ति निघाली कीं खनिज तेलावरच हायड्रोजनची तीव्र प्रक्रिया करून त्याचे रेणू बरेच सुधारावे. या सुधारलेल्या तेलास ‘सिंथेटिक’ म्हणावें कीं नाहीं यावरून अमेरिकेंत मोबिल व कॅस्ट्रॉल या दोन कंपन्यांत तंटा झाला, आणि जाहिरातींच्या खरेखोटेपणाचा निवाडा करणाऱ्या तेथील संस्थेनें १९९९ मध्यें कॅस्ट्रॉलच्या बाजूनें कौल दिला. तेव्हांपासून हा शब्द बराचसा विक्रीचा शब्द झाला आहे. सुधारलेलें तेल वाईट असतें असें मुळींच नाहीं. पण डब्यावरील त्या अक्षरांवरून आंत काय आहे तें कळत नाहीं, एवढें खरें.

तथापि सिंथेटिकचा पक्ष पोकळ नाहीं. थंडींत वाहण्याचा त्याचा गुण थेरगांवांत वाया जातो. पुण्याच्या थंडीनें आजवर कोणाचें तेल गोठलेलें नाहीं. पण उष्णतेचा गुण येथें कामास येतो. मे महिन्याच्या दुपारीं डांगे चौकांत गाडी थांबत-चालत असली म्हणजे कन्व्हर्टरमध्यें तेल घुसळलें जाऊन तापतें, आणि तापमान दहा अंशांनीं वाढलें तर तेलाचें आयुष्य साधारण निम्में होतें असा तज्ज्ञांचा ढोबळ हिशेब आहे. म्हणून २००५ सालीं आलेलें ‘डेक्स्रॉन-६’ आधींच्या ‘डेक्स्रॉन-३’पेक्षां पातळ असूनही अधिक टिकाऊ केलें गेलें. ‘डेक्स्रॉन-३’चे परवाने २००६ अखेर संपले. त्या नांवाचा आधार सांगणारे डबे आजही विकले जातात; त्यामागें आतां मूळ कंपनीची परीक्षा नसून डबा भरणाराचा शब्द तेवढा आहे.

आणि आतां चाकणशीं संबंध असलेली गोष्ट. २०१३ सालीं फोक्सवागेननें चाकणला बनणाऱ्या पोलो गाडीचा ‘जीटी टीएसआय’ हा प्रकार बाजारांत आणला. त्याला दोन कोरड्या क्लचांचा, सात गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. कंपनीच्या जगभरच्या अनेक गाड्यांत हीच जातीची रचना होती. त्याच वर्षीं नोव्हेंबर महिन्यांत कंपनीनें या सात गिअरांच्या गिअरबॉक्साच्या जगभरच्या सुमारें १६ लाख गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलाविल्याचें जाहीर केलें. कारण वाचून मीं वर्तमानपत्र पुन्हां वाचलें. उष्ण व दमट हवेंत, थांबत-चालत गाडी चालविली असतां, गिअरबॉक्समधील सिंथेटिक तेलामुळें विजेच्या पुरवठ्यांत बिघाड होण्याचा संभव होता. उपाय काय, तर सिंथेटिक तेल काढून त्या जागीं खनिज तेल भरणें !

दांत्यांच्या दृष्टीनें तें सिंथेटिक तेल उत्तमच असेल. परंतु त्याच घरांत विजेचे सूक्ष्म भाग शेजारी नांदत होते, आणि त्यांना तें मानवलें नाहीं. जर्मनीच्या हवेंत जें खपून गेलें, तें उष्ण दमट प्रदेशांतल्या गर्दींत खपलें नाहीं. जगांतील एका मोठ्या कारखान्यानें आपल्या हातानें महाग तेल सोडून साधें तेल पत्करल्याचें हें उदाहरण गॅरेजवाल्याला सांगून पाहावें. तो बहुधा विश्वास ठेवणार नाहीं.

‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखालीं आज निरनिराळीं यंत्रें नांदतात, याचाही विसर पडतो. दोन क्लचांची रचना आतांच सांगितली. पोलादी पट्ट्यावर चालणाऱ्या सीव्हीटीला पट्टा घसरूं न देणारें स्वतंत्र तेल लागतें. आणि २०१४ मध्यें मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेली एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबणारा पाय यंत्राचा. तिला टॉर्क कन्व्हर्टरचें तांबडें तेल घालणें म्हणजे औषध दुसऱ्याच रोग्यास पाजणें होय.

तेल कधीं बदलावें याविषयींही एक घोटाळा आहे. कित्येक मोटार कंपन्या ‘हें तेल गाडीच्या जन्मभर पुरतें’ असें सांगत आल्या. मर्सिडीजनें १९९६ पासूनच्या आपल्या पांच गिअरांच्या गिअरबॉक्साविषयीं असेंच म्हटलें होतें, आणि मागाहून ६० हजार किलोमीटरला तेल बदलावें असा सल्ला दिला. झेडएफ या जर्मन कंपनीचे गिअरबॉक्स अनेक गाड्यांत असतात. ती स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षें ही मर्यादा सांगते. गाडी विकणारा ‘जन्मभर’ म्हणतो आणि गिअरबॉक्स बनविणारा ‘आठ वर्षें’. कोणाचें ऐकावें हें ज्याला गाडी हमीच्या मुदतीनंतरही चालवावयाची आहे त्यानें ठरवावें. माझें मत बनविणाराच्या बाजूला आहे.

माझ्या परिचयाच्या त्या गृहस्थांना मीं दोन्ही डबे ठेवून द्यावयास सांगितलें. त्यांनीं चॅसिस क्रमांक देऊन गाडीच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्यें विचारलें, तेव्हां त्या गिअरबॉक्सासाठीं ठरलेल्या तेलाचा क्रमांक मिळाला. तो घेऊन ते पुन्हां गॅरेजांत गेले व डब्यांच्या मागची बारीक अक्षरें दोघांनीं मिळून वाचलीं. खनिज तेलावर तो क्रमांक नव्हता. सिंथेटिकवर पुष्कळ क्रमांक होते, हा नव्हता. तिसरा डबा मागवावा लागला. तोही सिंथेटिकच निघाला, आणि किंमत त्या दोहोंच्या मधली. तो यावयास चार दिवस लागले, आणि तेवढे दिवस ते हिंजवडीस बसनें गेले.