धूळपाटी, इयत्ता आणि स्तर

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील गावोगावी ज्या पंतोजींच्या शाळा चालत, त्यांत वयानुसार इयत्ता नव्हत्या. एकाच ओसरीवर कोणी धूळपाटीवर, म्हणजे बारीक धूळ पसरलेल्या फळीवर, बोटाने मुळाक्षरे गिरवीत असे, कोणी बोरूने मोडीचा कित्ता वळवीत असे, तर कोणी पावकी-निमकीची, म्हणजे पाव आणि अर्धा यांच्या पाढ्यांची, घोकंपट्टी करीत असे. आणि एक पायरी पक्की झाल्यावाचून मुलाला पुढची दिली जात नसे. या शाळांचे दोष मात्र झाकता येत नाहीत, कारण मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या जातींना त्यांची दारे जवळजवळ बंदच होती, छडीचा धाक मोठा होता आणि पाठांतरापुढे अर्थ मागे पडे.

पुढे गेलेल्या मुलाने मागच्याला शिकवावे, ही या शाळांतली रीत दक्षिण भारतातही होती. मद्रासच्या लष्करी अनाथालयाचा अधीक्षक अँड्र्यू बेल याने वाळूत अक्षरे काढणारी देशी शाळेतील मुले पाहून ती रीत उचलली, तिला पद्धतीचे रूप दिले आणि १७९७ साली लंडनमध्ये तिचा वृत्तान्त छापला.

१८५४ च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षण खाते स्थापन झाले, आणि पुढे इयत्ता, क्रमिक पुस्तके व तपासनिसांची परीक्षा ही चौकट रुजली. तिने शाळा सरकारी देखरेखीखाली आणली, पण शिकवण्याचे माप मुलाच्या हातून पुस्तकाच्या हाती गेले. स्वातंत्र्यानंतर शाळा वाडीवस्तीपर्यंत पोचली, ही फार मोठी कमाई होय. तरीही पहिलीत अक्षरओळख राहून गेलेले मूल पाचवीत गेले, की त्याच्यापुढे पाचवीचेच पुस्तक येई, आणि मागे वळून शिकवायला वेळापत्रकात जागा नसे.

ही जागा मुंबईतच पुन्हा निर्माण झाली. १९९० च्या दशकात स्थापन झालेल्या 'प्रथम' संस्थेने महापालिकेच्या शाळांत 'बालसखी' नेमल्या. वस्तीतल्याच या तरुणी मागे पडलेल्या मुलांचा लहान गट रोज सुमारे दोन तास वेगळा बसवीत. मुंबई आणि वडोदरा येथील या कामाची अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आदींनी केलेली पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यात मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ दिसून आली. पुढे रूढ झालेल्या स्तराधारित अध्यापनात साधारणतः तिसरी ते पाचवीच्या मुलांची एकेकट्याने तोंडी चाचणी होते आणि प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद व गोष्ट अशा वाचनस्तरांवर गट पडतात. गणिताचे गट निराळे असतात, म्हणून सकाळी गोष्टीच्या गटात वाचणारी मुलगी दुपारी हातच्याच्या वजाबाकीसाठी दहा-दहा काड्यांच्या जुड्या सोडीत खालच्या गटात बसू शकते, आणि ती वजाबाकी जमू लागली, की सत्र संपण्याची वाट न पाहता तिला भागाकाराच्या गटात हलवले जाते.