हॉक्स जनुकांचे घराणे

फळमाशीला पंखांची एकच जोडी असते. दुसऱ्या जोडीच्या जागी तोल सांभाळणारे दोन इवलेसे गोळे असतात. 1915 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॅल्व्हिन ब्रिजेस यांना एक वेगळी माशी सापडली. तिच्या या गोळ्यांना पंखांचे रूप येऊ लागले होते. शरीराच्या कोणत्या भागाने काय व्हायचे हे कोण ठरवते, याचा माग या माशीपासून लागत गेला.

पुढे कॅलिफोर्नियात एडवर्ड लुइस यांनी या दोषामागच्या जनुकांचा अनेक दशके पाठपुरावा केला आणि अशी उत्परिवर्तने एकत्र आणून चार पूर्ण पंखांची माशी घडवली. ही जनुके गुणसूत्रावर ज्या क्रमाने असतात, त्याच क्रमाने शरीराचे भाग सांभाळतात, हे त्यांनी 1978 मध्ये मांडले. 1995 चे नोबेल पारितोषिक या कामालाही मिळाले.

ही जनुके, म्हणजेच हॉक्स जनुके, स्वतः पंख किंवा पाय बांधत नाहीत. मुकादमासारखी ती बाकीच्या जनुकांकडून जागेनुसार काम करून घेतात. 1984 च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील बाझेल आणि अमेरिकेतील इंडियाना इथल्या संशोधकांना या जनुकांत डीएनएची 180 अक्षरे जवळपास सारखी आढळली. पाठोपाठ तोच तुकडा बेडूक, उंदीर आणि माणसातही सापडला. म्हणजे हे घराणे माशी आणि माणूस यांच्या सामाईक पूर्वजाइतके, 55 कोटी वर्षांहून जुने आहे.

फळमाशीत अशी 8 जनुके आहेत, माणसात 39. सुसुमु ओनो यांनी 1970 मध्येच म्हटले होते, की जनुकाची जादा प्रत तयार झाली की एक प्रत जुने काम करते आणि दुसरीला नवे काम शिकायला वाव मिळतो. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या पूर्वजांत सगळा जनुकसंच दोनदा दुप्पट झाला. हॉक्सच्या एका समूहाचे चार झाले, काही प्रती गळाल्या, उरलेल्यांनी नवी कामे घेतली.

पण सगळी विविधता संख्येतून आलेली नाही. उंदराच्या मानेत 7 मणके असतात, कोंबडीच्या मानेत 14. दोघांतही हॉक्स-सी6 हे जनुक मान संपून धड सुरू होते तिथे जागे होते. कोंबडीत ती सीमा मागे सरकली आहे. कीटकांच्या पोटाला पाय नसतात, कारण त्यांच्या अल्ट्राबायथोरॅक्स या हॉक्स प्रथिनात पायांची वाढ रोखण्याची क्षमता आली. आर्टेमिया या कोळंबीच्या नातलगात ती नाही.

निसर्गाने नवे शरीर घडवताना जुनीच जनुके पुन्हा वापरली. त्यांची जागा, वेळ आणि मात्रा बदलली. म्हणूनच माशीवरचे संशोधन माणसाच्या कामी येते. जन्मतः जुळलेल्या आणि जादा बोटांच्या एका आनुवंशिक विकाराचे मूळ हॉक्स-डी13 मध्ये असल्याचे 1996 मध्ये कळले, तेव्हा हे जनुक काय करते हे समजून घ्यायची वाट माशीवरच्या कामाने आधीच घालून दिलेली होती.