सावध करणारे शब्द, घाबरविणारे शब्द

विजेच्या खांबावरील कवटीची पाटी आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. ‘डेंजर’, ‘धोका’, ‘खतरा’ असे तीन शब्द तिच्यावर बहुधा एकाखाली एक लिहिलेले असतात. एकाच संकटाची ही तीन नावे असे समजून आपण पुढे जातो. परंतु या शब्दांना स्वतःचा इतिहास आहे, आणि नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या वाटेवरील सावनेरसारख्या गावी त्या इतिहासाला व्यवहारातही मोल आहे.

सावनेर हे दोन भाषांच्या सीमेवरचे गाव. 1956 पर्यंत ते मध्य प्रदेशात होते. राज्यपुनर्रचनेत ते मुंबई राज्यात आले आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात आहे. थोडे पुढे गेले की सौंसरचा मुलूख लागतो. तेथे घरोघरी मराठी आणि कचेरीत हिंदी. परिसरात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या भूमिगत कोळसाखाणी आहेत, आणि खाण म्हटली की अनेक प्रांतांची माणसे एकत्र आलीच. आता गंमत पाहा. मराठी माणसाला ‘इशारा’ म्हणजे संकटाची पूर्वसूचना किंवा ताकीद. हिंदी भाषिकाला ती नुसती खूण. मराठीत ‘धोका’ म्हणजे संकटही आणि फसवणूकही. हिंदीतला ‘धोखा’ मात्र फसवणूक किंवा भ्रम. ‘येथे धोका आहे’ हे वाक्य दोन सोबती दोन अर्थांनी ऐकू शकतात. जमिनीखाली असा अर्थभेद क्षुल्लक म्हणता येणार नाही.

इंग्रजी शब्द वापरले की हा घोळ मिटतो, असे आपल्या पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांना वाटते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली आणि कँडीचा इंग्रजी-मराठी कोश 1847 साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून दोन्ही भाषांतील शब्द समोरासमोर उभे आहेत. परंतु इंग्रजी शब्दही वाटेत आपले अर्थ बदलत आलेले आहेत.

‘डेंजर’ हा शब्द लॅटिनमधील ‘दोमिनुस’, म्हणजे धनी किंवा प्रभू, या शब्दाच्या कुळातला. तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ धन्याची सत्ता असा होता. एखाद्याच्या ‘डेंजर’मध्ये असणे म्हणजे त्याच्या कह्यात असणे. 1582 साली ऱ्हेम्स येथे प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक इंग्रजी नव्या करारात, मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, हा शब्द न्यायाच्या संदर्भात येतो तो याच जुन्या वळणाने: माणूस न्यायाच्या कक्षेत सापडतो, असा त्याचा भाव. सत्तेला भ्यावे लागते, म्हणून सत्तेचेच नाव पुढे संकटाला मिळाले.

‘फिअर’ या शब्दाची कहाणी याहून बोलकी आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचा अर्थ भीती नव्हता. अचानक कोसळलेली आपत्ती असा होता. जर्मन भाषेतील त्याचा भाऊबंद ‘गेफार’ आजही संकट याच अर्थाने वापरतात. इंग्रजीत मात्र बाहेरचे संकट हळूहळू माणसाच्या अंतःकरणात शिरले. आपल्या ‘भय’ शब्दात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ‘त्या रानात वाघाचे भय आहे’ असे म्हणताना आपण रानाविषयी बोलतो की मनाविषयी? दोहोंविषयी.

आता ‘अलार्म’ आणि ‘अलर्ट’ या दोन बहिणी घ्या. दोघींचे माहेर इटली, दोघीही सैनिकांच्या छावणीत वाढलेल्या. पहारेकरी ‘आल आर्मे’ असे ओरडे, म्हणजे ‘शस्त्रे घ्या’. दुसरी हाक ‘आल एर्ता’, म्हणजे ‘उंचावर, टेहळणीच्या जागी चला’. दोन्ही हाकांत काय करावे याची आज्ञा होती. पुढे मात्र बहिणींच्या वाटा निराळ्या झाल्या. ‘अलार्म’ ही आज्ञा विसरली आणि धसका या अर्थाला पोहोचली. लोकांना उगाच घाबरविणाऱ्यासाठी ‘अलार्मिस्ट’ हा शब्द इंग्लंडात 1790 च्या दशकात, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, रूढ झाला. ‘अलर्ट’ने मात्र आपले शील राखले. आपला ‘सावध’ हा तिचाच सोबती. ‘अवधानासह’ असा त्याचा अर्थ, आणि त्यात भीतीचा लवलेश नाही.

‘सायरन’चा प्रवास याच्या उलट दिशेचा. ग्रीक पुराणातील सायरन गोड गळ्याने खलाशांना भुलवीत आणि त्यांचा नाश करीत. 1819 साली कान्यार द ला तूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने ध्वनी मोजण्याचे एक यंत्र तयार केले. ते पाण्यातही वाजे, म्हणून त्याने त्याला सायरनचे नाव दिले. फसविणारीचे नाव असे जागविणाऱ्या यंत्राला मिळाले. आपण त्याला ‘भोंगा’ म्हणतो. 1877 साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांनी हा शब्द नागपूरकरांच्या कानी बसविला. वेळेवर वाजला तर पाळीची हाक. अवेळी वाजला तर कामगाराच्या घरी काळजात धस्स होते.

सूचना आणि धसका यांतील अंतर किती थोडे आहे, याचा अनुभव 2023 साली साऱ्या देशाला आला. आपत्तीची सूचना मोबाइलवर पोहोचविण्याच्या यंत्रणेची त्या वर्षी सरकारने चाचणी घेतली. संदेशात ‘ही चाचणी आहे’ असे लिहिलेले होते. परंतु तो कर्कश आवाज ऐकून पुष्कळांची गाळण उडाली. नाव ‘अलर्ट’चे, परिणाम ‘अलार्म’चा! हवामान खात्याच्या रंगांचेही तेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सिद्ध राहा, लाल म्हणजे कृती करा. यांपैकी एकाही रंगाचा अर्थ ‘भ्या’ असा नाही. आपण मात्र ‘रेड अलर्ट’ ऐकले की कृती सोडून भीतीच पसरवितो.

जाणता खाणकामगार कोळशाच्या छतावर ठोकून पाहतो. भरीव आवाज आला तर काम चालू. पोकळ आवाज आला तर तो सोबत्यांना मागे घेतो आणि छताला आधार देववितो. तो घाबरत नाही, घाबरवीतही नाही. ऐकतो आणि काय करावे ते सांगतो. इटालियन पहारेकऱ्याच्या हाकेत हाच गुण होता. आपण मुलांना रस्त्याविषयी, परीक्षेविषयी, व्यसनाविषयी, परक्या शहराविषयी काही सांगतो, तेव्हा आपल्या शब्दांची हीच कसोटी असावी. ऐकणाऱ्याला पुढचे पाऊल दिसले, तर तो इशारा. नुसता थरकाप उडाला, तर आपण त्याच्यावर आणखी एका संकटाची भर घातली, असेच म्हणावे लागेल.