परसबागेतील काळी माती बदलू नका, सुधारा

घराभोवती बाग करायची म्हटले, की ‘काळ्या मातीत फुलझाडे जगत नाहीत, लाल माती आणून टाका’ असा सल्ला हमखास मिळतो. परभणी जिल्ह्यातील पालमच्या शिवारात हीच काळी माती कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी पिकविते. तीच अंगणात नापीक कशी ठरेल? बहुतेक वेळा दोष मातीचा नसतो. तिचा स्वभाव न ओळखता दिलेले पाणी आणि खत रोपांच्या मुळावर येते.

मातीचा स्वभाव

दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट हा काळा पाषाण झिजून ही माती तयार झाली. पालम तालुक्यात गोदाकाठी ती खोल व भारी आहे, तर बालाघाटच्या डोंगररांगांकडे उथळ व मुरमाड होत जाते. भारी मातीतील चिकणमातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज असते. ते पाणी शोषून फुगते व सुकताना आक्रसते. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात त्या यामुळेच.

ही माती ओलावा व अन्नद्रव्ये चांगली धरून ठेवते. मात्र तिच्यातून पाण्याचा निचरा सावकाश होतो. रोज पाणी घातल्यास मुळांभोवती हवा उरत नाही आणि मुळे कुजतात. पाने पिवळी पडली की पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी घातले जाते आणि झाड दगावते.

या मातीचा सामू साधारणपणे ७.५ ते ८.५ असतो आणि तिच्यात चुनखडी आढळते. त्यामुळे जमिनीत असलेले लोह व जस्तही झाडांना पुरेसे मिळत नाही. गुलाबाची कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या दिसू लागल्यास ते बहुधा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते.

आधी खोदून पाहा

काळी माती फुगत-आक्रसत असल्याने घराच्या पायाला तडे जाण्याचा धोका असतो. म्हणून बांधकामाच्या वेळी ती काढून मुरूम भरण्याची पद्धत आहे. परिणामी नव्या घराच्या अंगणात अनेकदा मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंटचा चुराच हाती लागतो. सिमेंट व चुन्यामुळे सामू आणखी वाढतो. म्हणून फूटभर खोल खड्डा करून आत काय आहे ते पाहावे व राडारोडा वेचून काढावा.

त्याच खड्ड्यात पाणी भरून ते जिरू द्यावे व पुन्हा भरावे. दुसऱ्या वेळचे पाणी दिवसभरानंतरही साचून राहिल्यास निचरा कमी आहे असे समजावे. कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकल्यावर बुडबुडे आले तर तिच्यात चुनखडी आहे.

नेमके चित्र माती परीक्षणानेच कळते. बागेतील सहा-सात ठिकाणांहून १५ ते २० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्यावी, एकत्र करून सावलीत वाळवावी आणि अर्धा किलो नमुना प्रयोगशाळेत द्यावा. नुकतेच खत घातलेली जागा टाळावी. परीक्षणासाठी कृषी विभागाकडे किंवा परभणी येथे १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाकडे (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) चौकशी करता येते. अहवालात सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब आवर्जून पाहावेत. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांहून कमी असल्यास तो कमी मानला जातो.

सुधारणा कशी करावी

सर्वांत प्रभावी उपाय म्हणजे चांगले कुजलेले शेणखत, कंपोस्ट किंवा गांडूळखत. ते दोन-तीन इंच जाडीच्या थरात पसरून वरच्या अर्ध्या फुटात मिसळावे. चिकणमातीचे कण त्यामुळे एकत्र येऊन भुसभुशीत दाणे बनतात आणि हवा व पाण्याला वाट मिळते. मराठवाड्याच्या कडक उन्हात सेंद्रिय पदार्थ लवकर विघटित होतात. त्यामुळे हे काम दरवर्षी करावे लागते.

झाडे सपाट जमिनीऐवजी अर्धा फूट उंच गादीवाफ्यावर लावावीत. पालापाचोळा जाळू नये, तो आच्छादन म्हणून मुळांभोवती पसरावा. रिकाम्या जागेत पावसाळ्यात ताग पेरून तो फुलोऱ्यापूर्वी जमिनीत गाडावा. ओल्या काळ्या मातीत खुरपणी केल्यास ढेकळे होतात. म्हणून वाफसा आल्यावरच हात लावावा.

काय टाळावे

थोडी वाळू मिसळून भारी माती हलकी होत नाही. राख आणि चुना येथे घालू नयेत, कारण त्यांनी सामू वाढतो. जिप्सम चोपण जमिनीसाठी उपयुक्त आहे. ते परीक्षणाशिवाय वापरू नये. कच्च्या शेणखतातून हुमणी येते. जलशुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे पाणी क्षारयुक्त असते, ते बागेला देऊ नये.

विकतची लाल माती काळ्या मातीवर नुसती पसरली, तरी खालचा निचरा होता तसाच राहतो आणि खर्च वाया जातो. तेवढ्याच पैशांत शेणखत आणून दोन-तीन वर्षे नेमाने घातल्यास अंगणातील माती हाताला भुसभुशीत लागू लागते.