जालन्याची सराई

'उतारशाळा' हा शब्द आपल्याला शुभवर्तमानामुळे परिचयाचा आहे. बेथलेहेमात जागा मिळाली नाही ती उतारशाळेत, आणि दयाळू शोमरोन्याने जखमी वाटसरूला नेले तेही उतारशाळेतच. अशी वास्तू प्रत्यक्षात कशी असे, हे जाणण्यासाठी मात्र मराठवाड्याबाहेर जावयास नको. जालन्याच्या सराईचा इतिहास त्यासाठी पुरेसा आहे.

जालना कुंडलिका नदीच्या काठी वसले असून पलीकडच्या तीरावर कादराबाद आहे. निजामशाहीच्या काळात येथील कारभार जमशेदखानाकडे होता. त्याने काळी मशीद, हमामखाना आणि प्रवाशांसाठी दगडी सराई बांधली. मोती तलाव बांधून जमिनीखालून नळ घातले आणि गावात हौद उभारले. त्यांपैकी सर्वांत मोठा हौद सराईच्या चौकात होता. गावातील सर्वांत मोठा पाणीसाठा परक्यांच्या वाट्याला यावा, यातच त्या काळच्या आतिथ्याचे मर्म आहे.

सराई म्हणजे आजचे हॉटेल नव्हे. मधोमध मोकळा चौक, भोवती ओवऱ्या, आणि रात्री बंद होणारा भक्कम दरवाजा, अशी तिची रचना असे. अंथरूण प्रवाशाने स्वतःचे आणावे, शिधा स्वतः शिजवावा. सराईने द्यावयाचे ते तीनच गोष्टींचे अभय : चोरांपासून संरक्षण, डोक्यावर छप्पर, आणि माणसांना व जनावरांना पाणी. बैलांचे तांडे दिवसभर चालून थकले की पाणी नसलेल्या मुक्कामाचा काहीच उपयोग नसे.

हा मुलूख वर्दळीच्या वाटांवर होता. सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने सुरतेहून गोवळकोंड्यास जाण्याच्या वाटेवरील मुक्काम नोंदविले आहेत. औरंगाबादनंतर त्यांत आजच्या जालना जिल्ह्यातील अंबड येते. अकबराचा इतिहासकार अबुल फजल याचेही जालन्यात काही काळ वास्तव्य होते. पुढे 23 सप्टेंबर 1803 रोजी याच जिल्ह्यातील असईला मराठे व इंग्रज यांची घनघोर लढाई झाली. 1827 मध्ये जालन्याला इंग्रजांची लष्करी छावणी वसली.

मग 1900 च्या सुमारास हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे आली. धान्य व कापूस बैलगाडीऐवजी आगगाडीने जाऊ लागला आणि जुन्या वाटांवरील मुक्कामांचे प्रयोजन संपले. त्यानंतर मोटारी आल्या. आता मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातून जातो. 701 किलोमीटरचा हा मार्ग 2025 मध्ये पूर्ण झाला. पूर्वी तांड्याला जे अंतर कापण्यास कित्येक मुक्काम लागत, ते आता काही तासांत सरते.

या वेगाबद्दल खंत करण्याचे कारण नाही, कारण रुग्णाला आणि शेतमालाला त्याचा लाभच होतो. तथापि रस्ता कितीही रुंद झाला तरी त्यावरून जाणारा माणूस थकतोच, त्याला तहान लागते आणि रात्री भय वाटते. जमशेदखानाने हे ओळखून आधी पाण्याची सोय केली. आपण किल्ले आणि रणभूमी आठवणीने दाखवतो. परंतु जेथे कोणी कोणाला जिंकले नाही, फक्त अनोळखी माणसाला रात्रीपुरता आसरा दिला, त्या वास्तूंकडे सहसा लक्ष जात नाही. जालन्याला जाण्याचा योग आला, तर मुलांना ही सराईची हकीकत अवश्य सांगावी.