सहा आण्यांचं हवाई टपाल

शनिवार, 18 फेब्रुवारी 1911. तुम्ही अलाहाबादच्या पोलो मैदानावर गर्दीत उभे आहात. शहरात संयुक्त प्रांताचं मोठं प्रदर्शन भरलंय. संध्याकाळचे साडेपाच होत आलेत.

जरा पुढे सरका आणि त्या विमानाला हात लावून बघा. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, जागोजागी आवळलेल्या तारा. इंजिन पन्नास अश्वशक्तीच्या आसपासचं. वैमानिक आंरी पेके हा 23 वर्षांचा फ्रेंच तरुण. वाऱ्यापासून आडोसा म्हणून त्याच्यापुढे काहीच नाही.

टपालाच्या पिशवीत साडेसहा हजार पत्रं आहेत. प्रत्येकावर किरमिजी शाईचा गोल शिक्का आहे, त्यात डोंगरांवरून उडणारं विमान. साधं पत्र देशात अर्ध्या आण्यात जातं. इथे मात्र लोकांनी सहा आणे जादा मोजलेत. ते पैसे विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहाला मिळायचेत. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला जेमतेम सात वर्षं झालीत, आकाशात यंत्र दिसलं तरी माणसं हातातलं काम टाकून धावतात, आणि अशा काळात कुणी आपली खुशाली, आपला मजकूर त्या यंत्राच्या हवाली करतं! मला या उड्डाणात सगळ्यात मोठा वाटतो तो हा विश्वास.

इंजिन धडधडतं, धूळ उडते, चाकं जमीन सोडतात. आता पेकेबरोबर वर चला. कान बधिर होतात, डोळ्यांतून पाणी येतं. खाली यमुना, आणि तिच्यावरचा 1865 सालचा दुमजली पूल: वर रेल्वे, खाली रस्ता. इथे इंजिन बंद पडलं तर खाली नुसतं पाणी आहे. पेकेची नजर समोरून हलत नाही. अंतर सुमारे दहा किलोमीटर, वेग ताशी पन्नासच्याही आत. एखादी आगगाडी सहज मागे टाकेल. पण आगगाडीला नदी ओलांडायला पूल लागतो.

तेराव्या मिनिटाला नैनी जंक्शनजवळ चाकं जमिनीला टेकतात. जगातलं पहिलं अधिकृत हवाई टपाल पोचलं. पिशवी टपाल खात्याच्या माणसांच्या हाती जाते. विलायतेच्या पत्रांना इथून पुढे रेल्वे आणि बोट आहेच, आणखी काही आठवड्यांचा प्रवास. पेके मात्र विमान वळवतो. अंधार पडायच्या आत त्याला अलाहाबाद गाठायचंय.